देवाच्या कामावर मोडलेला पाय

हुतुतू खेळणाऱ्या माणसाचा विमा उतरवणारा रत्नागिरीतला पहिला एजंट मी, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचाही मीच. यात कर्तबगारी किती आणि वेडेपणा किती, ते वाचकांनी ठरवावं. संपादकांनी दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहायला सांगितलं तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला की ऐन दिवाळीत विम्याबद्दल कोण वाचणार? बायको म्हणाली, "आधी फराळ करून घ्या म्हणावं लोकांना, मग वाचू देत." तिचं खोटं नाही. मरण, अपघात आणि हप्ता यांवर ज्याचं पोट चालतं, त्याने सणाच्या दिवशी दारात उभं राहू नये असंच कुणालाही वाटतं. मी समोरून येताना दिसलो की भलीभली माणसं दुसऱ्या गल्लीत वळायची. त्या गल्लीत त्यांचं काही काम नसायचं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

आधी धंदा काय तो सांगतो. तेवीस साली सरकारने कायदा केला की कारखान्यात राबणारा माणूस कामावर असताना, कामामुळे जायबंदी झाला तर मालकाने त्याला भरपाई द्यायची. मालकमंडळी घाबरली, आणि त्या घाबरण्यावर आमच्या मुंबईच्या कंपनीने दुकान मांडलं. मालकाने आम्हाला दरसाल हप्ता द्यायचा. माणूस जायबंदी झाला की त्याची भरपाई आम्ही भरायची. ऐकायला किती सोपं! पण 'कामावर' आणि 'कामामुळे' या दोन शब्दांत सगळी गोम होती. एखाद्याचं बोट पट्ट्यात गेलं ते पट्टा सरकवताना गेलं, की मालकाच्या मेव्हण्याला विडी पेटवून देताना गेलं, एवढं शोधण्यात माझी अर्धी नोकरी खर्ची पडली.

खेळाडूंकडे मी वळलो तो हौसेने नव्हे. रत्नागिरीत कारखाने ते किती असणार? होते नव्हते ते मी वर्षा-दोन वर्षांत उतरवून टाकले, आणि मुंबईहून तर नवी गिऱ्हाइकं आणा म्हणून तगादा चालू. मग मी कंपनीच्या डोक्यात भरवलं की पगारी खेळाडू हादेखील कामगारच. ही बातमी गावात फुटली मात्र, नाही नाही ती माणसं माझ्या ओसरीवर येऊन बसू लागली. एक पैलवान आपल्या कानांचा विमा उतरवायला आले. कान केव्हाच मोडून पुरीसारखे फुगलेले. मी म्हटलं, "पैलवान, जळून गेलेल्या घराचा विमा उतरत नाही." ते गेले, पण जाताना माझा हात असा काही दाबला की मला स्वतःचाच विमा आठवला. एक वकील मैदानावर क्रिकेटचे पंच म्हणून उभे राहत. त्यांना येत्या रविवारपुरताच विमा हवा होता. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की त्या दिवशी त्यांचे सासरे खेळायला येणार होते, आणि सासऱ्यांना पायचीत दिल्यावर काय होईल याची वकिलांना धास्ती होती.

तर असे दिवस चालले असताना बापूशेट माझ्या हाती लागले.

बापूशेटची खाडीच्या काठाला लाकूड कापायची गिरणी होती, तेलाच्या इंजिनावर चालणारी. माणूस दिलदार, पण हुतुतूच्या बाबतीत पार वेडा. गिरणीत माणूस ठेवताना ते त्याला ओंडका उचलायला सांगत नसत. दम किती धरतोस ते विचारत. गिरणीचा संघ आसपासच्या जत्रांतून खेळे आणि बापूशेट फेटा बांधून पुढे बसत. मी त्यांच्यापुढे माझा विमा मांडला तेव्हा ते एकदम हळवे झाले. "तात्या, ह्या पोरांचे हातपाय म्हणजे माझेच हातपाय हो," म्हणाले. मी ती संधी साधून पंचाचाही विमा गळ्यात मारला. पंच म्हणजे गिरणीचे कारकून नाना. चष्मा, काळी टोपी आणि न्यायाची भयंकर चाड.

त्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला खाडीपलीकडच्या गावात जत्रा होती. गिरणीतली बहुतेक पोरं त्याच गावची. देवळाच्या अंगणात सामना लागला: गिरणीचा संघ एका बाजूला, पलीकडच्या दुसऱ्या गावाचा संघ दुसऱ्या बाजूला. गिरणीचा हुकमी गडी होता गणू. ओंडक्यासारखा माणूस, पण चढाईला निघाला की मांजरासारखा. शेवटच्या चढाईत तो दोघांना शिवला आणि परत फिरताना सहाजणांनी त्याला खाली घेतलं. त्या ढिगाखालून त्याचा हात पुढे आला, रेषेला लागला, आणि नानांनी निकाल दिला: गिरणी जिंकली. ढीग उठला तेव्हा गणू उठला नाही. उजवा गुडघा भलत्याच दिशेला वळला होता. एवढ्यात निकाल न पटलेल्या कुणीतरी नारळाची करवंटी भिरकावली, ती नानांच्या तोंडावर बसली आणि पुढचे दोन दात गेले. माझ्या दोन्ही विम्यांना एकाच वेळी सुरुंग लागला.

नानांचे दात राहू देत. गणूचं खरं होतं. इस्पितळातून तो घरी आला तेव्हा डॉक्टरांनी सांगून टाकलं की हा पाय ओंडके ओढण्याच्या कामाचा राहिला नाही. घरात म्हातारी आई, बायको पार्वती आणि दोन लहान मुलं. शेतीचा तुकडा नावाला. गिरणीत लंगड्या माणसाला काम नव्हतं. बापूशेट हळहळले, पण हळहळण्यावर किती दिवस निघणार? कंपनीची भरपाई मिळाली तर हे घर उभं राहणार होतं, नाहीतर नाही.

मुंबईहून चौकशीला देशपांडे साहेब आले. मूळचे देशावरचे. डोक्यावर हॅट, कामात अतिशय चोख, आणि आगबोटीतून पडावाच्या होडीत उतरताना भिजल्यामुळे कोकणावर आधीच रागावलेले. मी त्यांना घेऊन गणूच्या पडवीत गेलो. मनात म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे.

साहेबांनी विचारलं, "जत्रेच्या दिवशी खेळताना तू कोणाच्या कामावर होतास?"

गणूने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्याला बापाचं नाव विचारलं. "कोनाच्या म्हंजे? देवाच्या."

मी मध्ये तोंड घातलं, "अरे, पण बापूशेटनी पाठवलंन ना तुला?"

"शेट पाठवतो त्यो गिरणीत, तात्यानू. देवळात बोलावतो त्यो देव."

"शेटने त्या दिवसाची मजुरी दिली होती?" साहेब.

"दिलान व्हती. समद्यांनी देवाच्या पेटीत टाकली. आंगणात उभा ऱ्हाऊन कोन मजुरी घेनार?"

बाहेरच्यांना यातली मेख कळायची नाही म्हणून सांगतो. त्या गावात जत्रेच्या दिवशी प्रत्येक घराला देवाची एक चाकरी लागलेली असते. कुणी ढोल वाजवायचा, कुणी मशाल धरायची, कुणी अंगण सारवायचं. हुतुतू खेळणं हीसुद्धा चाकरीच. त्या अंगणात 'मी पोटासाठी आलो' असं म्हणणं म्हणजे देवाच्या तोंडावर थुंकणं. तेव्हा साहेबांनी ज्या ज्या गड्याला विचारलं, त्याने त्याने छाती पुढे काढून सांगितलं, "देवाच्या कामावर." एकाने तर 'शेटच्या कामावर होतास का' या प्रश्नाचा राग येऊन साहेबांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

राहिले नाना. निदान हा शिकलेला माणूस तरी सरळ बोलेल असं मला वाटलं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही पंच म्हणून उभे होता ते गिरणीचे नोकर म्हणून ना?" नाना हो म्हणणार तोच त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकीत हरलेल्या गावची चार-पाच माणसं कान टवकारून उभी. पंच गिरणीचा नोकर ठरला तर निकाल कुणी मानला असता? नानांनी फटीतून हवा सोडत सांगितलं, "पंचाला मालक नसतो."

"मग दातांची भरपाई मिळणार नाही."

"नको," नाना म्हणाले. "दोनच गेलेत. अब्रूचे सगळे शाबूत आहेत."

त्या संध्याकाळी देशपांडे साहेबांनी आपला निष्कर्ष मला वाचून दाखवला: जखमी इसम अपघाताच्या वेळी ग्रामदेवतेच्या सेवेत होता, सबब कंपनीवर जबाबदारी येत नाही. कायद्याच्या दृष्टीने एक अक्षर काढता येणार नाही असं ते लिहिलं होतं.

मी गणूकडे गेलो. पार्वती त्याला फैलावर घेतच होती. "देव काय तांदूळ धाडनार हाय घरात? तोंडातून येक 'शेट' म्हनाया काय जाताय तुमचा?"

"देवाच्या आंगणातली गोष्ट हाय ती," गणू म्हणाला. "त्याच्यावर खोटा कसा बोलू?"

"आनि पोरा काय खातील?"

पायाखाली उशी होती ती गणूने उगाच सारखी केली. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचंही पटलं. कायद्याने बघितलं तर तो शेटचाच माणूस होता. शेटच्या नावासाठी, शेटच्या संघातून, शेटच्या मजुरीवर खेळत होता. पण ते त्याच्या तोंडून वदवून घेणं माझ्या बापाला जमलं नसतं.

रात्रभर काही सुचलं नाही. सकाळी दाढी करताना सुचलं, आणि तसाच अर्ध्या गालाला साबण ठेवून मी साहेबांच्या बिऱ्हाडी गेलो.

"साहेब, आपल्या चौकशीत एक त्रुटी राहिली."

त्रुटी म्हटल्यावर साहेबांचा चहा अर्ध्यात थांबला. "कसली?"

"कामगाराचा जबाब झाला. साक्षीदारांचे झाले. कंपनीचा शिरस्ता असा की मालकाचाही जबाब घ्यायचा. आपण मालक देव ठरवलात. त्याचा जबाब कुठाय?"

साहेब आधी हसले. मी हसलो नाही. मग तेही हसायचे थांबले. चोख माणसाचं हेच अवघड असतं. त्याला शिरस्ता म्हटलं की चेष्टा आणि खरं यातला फरक कळेनासा होतो. "देवाचा जबाब घेता येतो?" त्यांनी विचारलं.

"ह्या गावात येतो," मी म्हटलं.

तासाभरात सगळं गाव देवळात जमलं होतं. बापूशेट फेटा बांधून आले. गणूला चौघांनी खाटेवर घालून आणलं. धाकू गुरव पुढे झाला. देवाला प्रश्न विचारायची तिथली रीत अशी: मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि कुठली पाकळी आधी गळते ते पाहायचं. तोच कौल.

धाकू साहेबांना म्हणाला, "सायब, तुमी म्हनताव म्हून लावतो. पन मागनं पलटायचा नाय हां. देवाचा सबुद तो सबुद."

सगळं गाव साहेबांकडे बघत होतं. हॅट हातात, पाय अनवाणी. ते म्हणाले, "बरं."

धाकूने पाकळ्या लावल्या. डावीला पाणी जरा कमी लावलंन की काय, ते मला सांगता येणार नाही. मी त्या वेळी मुद्दाम छपराची कौलं बघत होतो.

"बा देवा म्हाराजा! आज तुज्या पायाशी मुंबैची कंपनी आयलेली हाय."

"होय म्हाराजा!" गाव.

"गणूचा पाय तुज्या आंगणात मोडला."

"होय म्हाराजा!"

"कंपनी म्हनताय, ह्यो तुजा नोकर. तुजा आसंल तर उजवी दे. शेटचा आसंल तर डावी दे. आनि जा काय खरा आसंल ता कंपनीच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या खेपेला गावाच्या सुरात एक देशावरचा आवाज मिसळला होता. मी वळून पाहिलं तर देशपांडे साहेब हात जोडून उभे. नंतर त्यांनी ते साफ नाकारलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग उजवी पाकळी हलली. बापूशेटच्या तोंडचं पाणी पळालं, माझंही पळालं. पण ती नुसतीच हलून थांबली, आणि डावी सुटून सरळ खाली आली.

"देवान सोडलान!" धाकू ओरडला. "गणू शेटचा!"

लगेच सगळ्यांचे जबाब नव्याने झाले, तेही देवळाच्या पायरीवर. आता कुणाला अडचण नव्हती. देवानेच सांगितलंन तर आपण कोण? एकेक गडी खुशाल म्हणत गेला, "शेटच्या कामावर व्हतो." देशपांडे साहेब मान खाली घालून लिहीत होते. त्यांनी कौलाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कंपनीने त्यांनाच वेड्यांच्या इस्पितळात धाडलं असतं. गणूची पाळी आली तेव्हा त्याने आधी एकदा गाभाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "देवान म्हटलान शेटचा, म्हंजे शेटचा," आणि अंगठा पुढे केला. त्याचा आवाज बसलेला होता. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

नानांनी मात्र नवा जबाब दिला नाही. पंचाला मालक नसतो हे त्यांचं मत देवाला विचारूनही बदलण्यासारखं नव्हतं. पुढे मरेपर्यंत ते चिवडा खलबत्त्यात कुटून खात.

भरपाई आली. गणूने खाडीच्या तरीजवळ, होडी लागते तिथे, दुकान घातलं. विडी, गूळ, मीठ, रॉकेल. पार्वती हिशेबाची पक्की, दुकान चाललं. मी सगळीकडे ही गोष्ट रंगवून सांगत सुटलो. देवाचा जबाब घेतलेला एजंट म्हणून माझी कॉलर ताठ झाली होती. त्या हंगामात मला दोन गिऱ्हाइकं नुसती या गोष्टीवर मिळाली.

एकदा तरीवर थांबलो असताना गणूला म्हटलं, "काय गणू, देव पावला की नाही?"

तो गूळ फोडत होता. वर न बघता म्हणाला, "पावला काय तात्यानू. सगळ्या गावासमोर मला म्हटलान, ह्यो माजा न्हवं."

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. पार्वती मागून म्हणाली, "तवापासनं देवळात गेलं नायत. दिवासुद्धा मीच लावतंय." मी कौल लावून त्याचं घर उभं केलं होतं, आणि त्याच कौलाने त्याच्याकडून काय काढून घेतलं ते मला इतके दिवस दिसलंच नव्हतं. फार वाईट वाटलं. धाकू गुरवाला जाऊन सांगितलं तर तोही कान खाजवत बसला. देवाचा शब्द पलटायचा नाही, हे त्यानेच तर सगळ्यांना बजावलं होतं.

शिमगा आला. शिमग्यात देव पालखीत बसून गावातल्या घरोघर जातो. बापूशेटबरोबर मीही त्या वर्षी पालखीमागे हिंडत होतो. गणूच्या अंगणात पालखी आली. पार्वतीने सडा-रांगोळी घातली होती, ओटीचं सामान मांडलं होतं. गणू मात्र पडवीत खांबाला टेकून दुसरीकडेच बघत बसलेला. धाकूने गाऱ्हाण्याला तोंड उघडलं, तेवढ्यात गणूच बोलला.

"थांब धाकू. मला बोलायचा हाय."

ढोल थांबले. गणू खांबाला धरून उभा राहिला आणि थेट पालखीकडे बघून म्हणाला, "म्हाराजा, तवा तू मला शेटचा म्हटलंस. माज्या पोरांसाठी म्हटलंस, ता काय मला कळत नाय? शेटच्या कामाची भरपाई भेटली. आता शेटकडं काय मी कामाला नाय. मोकळा हाय. पाय येकच धड हाय, पन ठेवतोस काय मला?"

धाकू गुरव, ज्याला देवाशी बोलायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, तो आ वासून बघत राहिला. तेव्हा पालखी हलली. पालखी धरणाऱ्यांनी हलवली की आपण होऊन हलली, यावर त्या गावात अजून दोन तट आहेत. ती पुढे झाली, पडवीपर्यंत गेली, आणि तिचा दांडा सरळ गणूच्या खांद्यावर येऊन टेकला. गणूने खांब सोडला आणि दोन्ही हातांनी दांडा धरला.

"होय म्हाराजा!" गाव गरजलं. मीही गरजलो. डोळे कोरडे होते असं म्हणणार नाही.

बापूशेट माझी बाही ओढत होते. त्यांना तो मोडका गुडघा पालखीच्या भाराखाली थरथरताना दिसत होता आणि त्यांच्यातला मालक जागा झाला होता. "तात्या, अहो तात्या," ते कुजबुजले, "ह्याला आता परत काय झालं तर भरायचं कुणी?"

"तुम्ही गप्प राहा शेट," मी म्हटलं. "तो आता तुमच्या कामावर नाही."